तीन रिकाम्या ओळी

दुपारी दीडच्या सुमाराला वॉर्डातला फोन वाजतो, इन्चार्ज सिस्टर तो घेतात, "बरं, बरं, काळजी घे" एवढेच बोलून ठेवतात आणि थोडा वेळ माझ्याकडे न बघता टेबलावरचे कागद सारखे करत राहतात. तेवढ्यावरून मला निरोप कळतो. सकाळपाळी दोनला संपायची असते, ओव्हरची, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवण्याची, वही लिहून झालेली असते, आणि दुपारपाळीला जिने यायचे ती येणार नसते. "तिने पुन्हा मेडिकल टाकली आहे, सिस्टर. आठपर्यंत तेवढे भागवून घ्या." मेडिकल म्हणजे डॉक्टरच्या दाखल्यावरची आजारपणाची रजा. दुसरी येऊन ओव्हर घेईपर्यंत परिचारिकेला वॉर्ड सोडता येत नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. त्यामुळे मी घरी फोन करून मुलाला कुकर लावायला सांगते, आणि सहा तासांची पाळी बारा तासांची होते.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी 19 वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे आणि त्यांपैकी शेवटची आठ वर्षे स्त्री वैद्यकीय कक्षात आहे. कक्ष 40 खाटांचा आहे. पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकाव्या लागतात आणि सलाईनचे स्टँड हलवत हलवत वाट काढावी लागते. आमच्या ड्युटी लिस्टवर सात नावे आहेत. सात हा आकडा बाहेरच्या माणसाला पुरेसा वाटतो. परंतु त्या सातजणींपैकी एक इन्चार्ज असते, एक रात्रपाळीला असते, एक रात्रपाळी संपवून नाइट ऑफवर असते आणि एक साप्ताहिक सुटीवर असते. उरतात तिघी, सकाळी दोघी आणि दुपारी एक. या तिघींपैकी एकीला ताप आला, एकीची कंबर धरली किंवा एकीच्या घरी कोणी आजारी पडले की त्या दिवसाची सगळी वीण उसवते.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. त्या दिवशीही दीडला फोन आला होता आणि दोननंतर वॉर्डात मी, एक मावशी आणि जीएनएम या परिचर्येच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी एवढ्याच होतो. रुग्ण 51 होते. साडेतीनला रक्तपेढीतून एका रुग्णाची रक्ताची पिशवी आली. रक्त चढवायला सुरुवात केल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नसते, कारण रिअॅक्शन आली तर बहुधा याच वेळात येते आणि त्या वेळी पिशवी तत्काळ बंद करणारा हात तिथे असावा लागतो. मी तिच्याजवळ उभी राहिले. त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा ऑक्सिजनचा मास्क निसटला म्हणून त्यांची सून धावत आली, दारातून कोणीतरी सुटीचे कार्ड मागत होते आणि कॅज्युअल्टीतून नवीन रुग्ण स्ट्रेचरवर येऊन थांबला होता. मी एक नजर पिशवीवर ठेवून विद्यार्थिनीला मास्क लावायला सांगितले. तिने तो नीट लावला, पण त्या मुलीचे हात थरथरत होते, आणि शिकायला आलेल्या मुलीवर आपण कोणती जबाबदारी टाकतो आहोत, हे कळत असूनही मी ती टाकली.

23 नंबरच्या खाटेवर लकवा झालेल्या एक आजी होत्या. अंगात हालचाल नसलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. अडीचला मी आणि मावशींनी त्यांना डाव्या कुशीवर वळवले होते. नंतर रक्त, नंतर नवा रुग्ण, नंतर जेवणाआधीची इन्सुलिनची इंजेक्शने, नंतर संध्याकाळच्या अँटिबायोटिकची ट्रॉली, असे करता करता मी आजींपाशी पोहोचले तेव्हा सात वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना स्पंज देताना माकडहाडाच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग दिसला. मी बोटाने दाबून पाहिले. साधी लाली असेल तर दाबल्यावर जागा पांढरी पडते आणि बोट काढल्यावर पुन्हा लाल होते. ही जागा पांढरी पडली नाही. जखमेची सुरुवात अशीच होते. त्यांची मुलगी माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तरी एकट्या काय काय करणार?" तिने मला दोष दिला असता तर मला ते सोपे गेले असते.

त्या दिवसापासून माझा सगळा राग त्या दुपारी मेडिकल टाकलेल्या आमच्या सहकारी सिस्टरवर एकवटला. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि त्या वर्षी तिने किती वेळा मेडिकल टाकली याचा हिशेब मी मनात ठेवू लागले. ती कामावर आली की तिच्या चालण्याकडे बघायचे, कंबर खरोखर दुखत असेल का याचा अंदाज घ्यायचा, रजेच्या काळात तिने मोबाइलवर कोणत्या लग्नातला फोटो लावला ते पाहायचे, आणि चहाच्या वेळी बाकीच्यांबरोबर ते बोलायचे, हे सगळे मी केले आहे. ती फिटनेस, म्हणजे कामावर यायला बरी असल्याचा दाखला, घेऊन परत आली की वॉर्डात एकदम शांतता पसरायची. आम्ही तिला काही बोलत नव्हतो, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागत होते, हे मला फार उशिरा समजले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती दडवली तर या विषयावर बोलण्याला अर्थ राहत नाही. खोटे दाखले असतात. गौरी-गणपतीला जोडून येणारी पाठदुखी असते, नावडत्या वॉर्डात बदली झाली की सुरू होणारा रक्तदाब असतो, आणि ज्यांचे ऑफिसात वजन आहे त्यांच्या दाखल्यांकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, हेही आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. अशा रजेचे ओझे दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर जाते आणि ती अप्रामाणिकताच आहे. तिला दुसरे सौम्य नाव देण्याची माझी तयारी नाही. पण तिचा सर्वांत मोठा फटका खऱ्या आजारी बाईला बसतो. तिच्या दाखल्यावरही मग कोणाचा विश्वास राहत नाही, आणि आपण आजारी आहोत हे तिला शरीराने, चेहऱ्याने, आवाजाने सिद्ध करत बसावे लागते.

माझा राग कमी झाला तो कोणाच्या उपदेशाने नाही, तर एका वहीमुळे. दर महिन्याला कोणाला जास्त डबल ड्युट्या पडल्या यावरून आमच्यात वाद होऊ लागले, तेव्हा इन्चार्ज सिस्टरांनी शंभर पानी वही आणली आणि मला म्हणाल्या, "तुम्हीच लिहा, म्हणजे पुन्हा कोणी बोलायला नको." कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीला, कोणाच्या जागी कोण थांबले आणि ती जागा कशामुळे रिकामी होती, असे चार रकाने मी आखले. आम्ही तिला उसनवारीची वही म्हणू लागलो. सहा महिन्यांनी मी शेवटचा रकाना मोजला, आणि खरे सांगायचे तर तो मोजताना माझ्या त्या सहकारी सिस्टरचे नाव सर्वांत वर येणार याची मला खात्री होती.

तसे झाले नाही. आजारपणामुळे रिकाम्या राहिलेल्या पाळ्या निम्म्याहूनही कमी होत्या. बाकीच्या पाळ्या इतर कारणांनी गेल्या होत्या. आषाढी वारीतल्या आरोग्य पथकासाठी एकजण गेली होती. एका शिबिरासाठी दोघींना काढून नेले होते. मंत्र्यांच्या दौऱ्यात रुग्णवाहिकेबरोबर एकीला पाठवले होते. दुसऱ्या वॉर्डात तर आमच्याहून बिकट अवस्था म्हणून मेट्रन ऑफिसने, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांच्या कार्यालयाने, आमच्यातली एक वारंवार तिकडे वळवली होती. आणि एका सिस्टरच्या प्रसूती रजेचे जवळजवळ सगळे दिवस आम्ही आपापसात वाटून घेतले होते. ही रजा 180 दिवसांची असते. ताप सांगून येत नाही, पण बाळंतपणाची तारीख कितीतरी महिने आधी सगळ्यांना माहीत असते. तरीही तिच्या जागी एका दिवसासाठीसुद्धा कोणी आले नाही. त्या सिस्टरवर आम्ही कधी चिडलो नव्हतो, उलट बारशाला पाळणा घेऊन गेलो होतो. मग जिची कंबर दुखते तिच्यावरच आमचा एवढा राग का होता, हा प्रश्न मला त्या रात्री बराच वेळ जागे ठेवून गेला.

नंतर मी आणखी एक हिशेब केला, तो अगदी प्राथमिक शाळेतल्या गणिताचा आहे. वर्षाचे 365 दिवस. त्यातून साप्ताहिक सुटीचे 52 दिवस, अर्जित रजेचे 30 आणि नैमित्तिक रजेचे 8 वजा केले तर 275 उरतात. म्हणजे तीन जागा वर्षातला एकही दिवस न चुकता भरलेल्या ठेवायच्या तर 1,095 दिवसांचे काम होते, आणि ते करायला 275 दिवस येणारी चार माणसे लागतात. या हिशेबात आजारपणाचा एकही दिवस मी धरलेला नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात सर्वसाधारण रुग्णालयातल्या पाच खाटांमागे एक परिचारिका आणि त्यावर रजेसाठी 30 टक्के राखीव पदे सांगितली आहेत, ती उदारपणाने सांगितलेली नाहीत. माणसे सुटी घेतात, बाळंत होतात, आजारी पडतात, एवढे साधे सत्य त्यात गृहीत धरलेले आहे. या निकषाने आमच्या 40 खाटांना आठ आणि राखीव धरून दहा परिचारिका हव्यात. मेट्रन ऑफिसच्या जुन्या वाटपातही आमच्या वॉर्डाला दहाच दाखवल्या होत्या. त्यांतल्या तिघी निवृत्त झाल्या किंवा बदलून गेल्या आणि त्या जागा तशाच राहिल्या. नंतर आलेल्या मुलींनी दहा नावांची लिस्ट कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या दृष्टीने सात हेच पूर्ण संख्याबळ होते, आणि म्हणून सातवी आली नाही की ती एकटीच गुन्हेगार दिसायची.

रजेबद्दलचा नियमही मी तेव्हा नीट वाचला. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते, कारण रजा नाकारताना तेच ऐकवले जाते. पण दाखल्यावर मिळणारी परिवर्तित रजा ही ज्याच्या त्याच्या अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुपटीने वजा होते, वर्षाला वीस अर्धवेतनी दिवस जमा होतात, म्हणजे पूर्ण पगाराचे जेमतेम दहा दिवस, हे फार थोड्याजणी ध्यानात घेतात. ती सिस्टर आमच्या ताटातले काही उचलत नव्हती. ती स्वतःच्या खात्यातली शिल्लक मोडून खात होती, आणि ती संपल्यावर तिचे काय होणार होते ते तिलाच ठाऊक होते.

एक दिवस ती फिटनेस जमा करायला आली आणि ऑफिस उघडेपर्यंत आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत यायला तिचा पाय उचलत नव्हता. मी दोन कप चहा घेऊन तिच्याशेजारी बसले. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, "ताई, मी आले की सगळ्याजणी माझ्याकडे उधारी थकवलेल्या माणसाकडे बघावे तशा बघतात." तिने पिशवीतून एमआरआयचा रिपोर्ट काढला. मी तो मागितला नव्हता आणि तो दाखवायची वेळ तिच्यावर यायला नको होती. दोन वर्षांपूर्वी, एका रात्रपाळीला एकटी असताना, खाटेवरून घसरलेल्या एका जाड रुग्णाला तिने एकटीने उचलले होते. त्या रात्री दुसरी कोणी असती तर तिच्या कंबरेतली चकती कदाचित आज जागेवर असती. रिपोर्ट घडी करून तिने परत पिशवीत ठेवला, आणि मी तिला काही म्हणण्याऐवजी तिच्या हातातला रिकामा कप घेतला.

पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करताना परीक्षेपुरता वाचलेला एक अभ्यास मला तेव्हा आठवला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांवरचा, लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक जादा रुग्णामागे 30 दिवसांच्या आतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका कामाने पार थकून, आतून रिकामी होऊन जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले होते. परीक्षेत मी हे दोन्ही आकडे दोन वेगळ्या मुद्द्यांत लिहिले होते. आमच्या वॉर्डात ते एकच आहेत. एकटीवर भार पडतो म्हणून ती आजारी पडते, ती आजारी पडते म्हणून दुसरीवर भार पडतो, आणि मग दुसरीची पाळी येते.

कंत्राटी मुलींचे दुःख याहून वेगळे आहे. त्यांच्या आदेशाची मुदत ठरावीक महिन्यांची असते आणि त्या आल्या नाहीत तर त्या दिवसाचे मानधन कापले जाते, म्हणून त्या आजारी असल्या तरी येतात. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती तेव्हा आमच्याकडे काही महिन्यांसाठी आलेली अशीच एक मुलगी काळा चष्मा लावून ड्युटीवर आली. तिला घरी जा म्हणायचे धाडस कोणाला झाले नाही, कारण तिचे दोन दिवसांचे पैसे कोण देणार होते? आठवड्याच्या आत आमच्यातल्या तिघींचे डोळे आले. सतत रजेवर राहणारीमुळे काम वाढते हे सगळ्यांना दिसते. रजा घेऊ न शकणारीमुळेही ते वाढते, हे आम्हांला त्या आठवड्यात दिसले.

यानंतर मी काय केले, असे मला धाकट्या सहकारी विचारतात. फार मोठे काही नाही. पहिली गोष्ट म्हणजे मी भागवून घेणे थांबवले, म्हणजे काम थांबवले नाही, पण जे झाले नाही ते झाले असे दाखवणे थांबवले. पूर्वी एकटी असले तरी मी सगळी रजिस्टरे रात्री आठच्या आत पूर्ण करायची, चादरींची मोजणी, औषधांचे इंडेंट, सगळे. कागदावर वॉर्ड नेहमीसारखा चालत होता, आणि 23 नंबरच्या आजींच्या पाठीवरचा डाग कोणत्याही रजिस्टरात नव्हता. आता क्रम उलटा आहे. श्वास, रक्त, इन्सुलिन, वेळेची इंजेक्शने आणि कूस बदलणे आधी; कागद नंतर. उरलेले काम ओव्हरच्या वहीत "एकटीच असल्यामुळे झाले नाही" असे स्पष्ट लिहून मी सही करते. पहिल्या महिन्यात मला त्याबद्दल लेखी खुलासा मागितला गेला. मी उसनवारीच्या वहीची पाने जोडून खुलासा दिला आणि त्यावर पुढे काही आले नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त कठीण गेली. रात्रपाळी उतरल्यावर लगेच पुढच्या पाळीसाठी थांबायला मी नकार देते. पहिल्यांदा "नाही, सिस्टर, मला जमणार नाही" असे म्हटले तेव्हा माझा आवाज माझा मलाच परका वाटला, आणि घरी जाऊन झोप लागली नाही. बारा तास जागलेल्या माणसाने इंजेक्शनचा डोस काढू नये, हे मी विद्यार्थिनींना शिकवते. ते मला स्वतःलाही लागू आहे, एवढे मान्य करायला मला सोळा वर्षे लागली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ड्युटी लिस्ट. मी इन्चार्ज सिस्टरांना विनंती केली की लिस्टमध्ये सात ओळी न आखता दहा आखाव्यात, आणि शेवटच्या तीन ओळींत नावाच्या जागी "रिक्त" असे लिहावे. त्यांनी ते केले. ती लिस्ट दर महिन्याला मेट्रन ऑफिसला जाते, तिथून सही होऊन परत येते आणि भिंतीवर लागते. एकदा त्या रिकाम्या ओळींच्या आधारावर आम्हांला तीन महिन्यांसाठी एक परिचारिका मिळाली. नंतर ती काढून घेतली गेली. पण भिंतीकडे बघताना मुलींची नजर आता आधी त्या तीन ओळींवर जाते, आणि एखादीच्या नावापुढे रजेची लाल खूण पडली तर तिच्याबद्दल बोलण्याआधी कोणीतरी म्हणते, "अगं, त्या तीन जागा भरल्या असत्या तर."

जुन्या इन्चार्ज गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. नव्या आल्या त्यांनी पहिल्याच लिस्टला विचारले, "या मोकळ्या ओळी कशाला? उगाच जागा जाते." मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या चाळली, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या. त्या महिन्याच्या लिस्टमध्ये दहा ओळी होत्या.

गेल्या शुक्रवारी दीडला पुन्हा फोन आला. त्याच सिस्टरचा होता. मी आठपर्यंत थांबले. 51 नव्हे, 46 रुग्ण होते. कूस बदलायच्या दोन रुग्णांना मी आणि मावशींनी तीनला, पाचला आणि सातला वळवले. संध्याकाळी मी ओव्हरच्या वहीत लिहिले की चौदा रुग्णांचे तापमान आणि नाडी घेता आली नाही, खाली खाटांचे नंबर लिहिले आणि सही केली. रात्रपाळीच्या सिस्टरने ते वाचले, आधी त्या चौदाजणींकडे थर्मामीटर घेऊन निघाली, आणि दारात थांबून मला म्हणाली, "तिची तब्येत कशी आहे? विचारलंत का?" मी विचारले नव्हते. बसस्टँडकडे जाताना मी तिला फोन लावला.